एकशे शहात्तर कोटी वर्षांची फुली

पाद्रीसाहेबांचं पत्र शुक्रवारी आलं आणि जोशीबुवा यायचे होते रविवारी सकाळी. मधला शनिवार रघुवीरने विचारात घालवला, आणि एका दिवसात त्याने जी युक्ती शोधून काढली ती त्याची त्यालाच इतकी आवडली की दुपारी जेवताना तो दोनदा आपणहून हसला. सुभद्रेने नवऱ्याकडे पाहिलं आणि वाढत राहिली. हा माणूस हसला की घरात काहीतरी मोडतं, हा तिचा बारा वर्षांचा अनुभव होता.

रविवारी ऊन खिडकीशी आलं तेव्हा मुगभाटातल्या त्या घराच्या पुढल्या खोलीत, म्हणजे छापखान्यात, सगळे जमले होते. रघुवीरचे वडील, तात्या, यंत्राशेजारच्या बाकावर. मोतीबिंदू झाल्यापासून त्यांना माणसं नुसत्या सावल्या दिसत, तरी मालकी अजून त्यांचीच होती. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण सखुबाई, जिला रघुवीरने लालबागहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आत्याने हो म्हटलं की तात्या नाही म्हणत नाहीत, हे तो लहानपणापासून बघत आला होता. रघुवीरचा धाकटा भाऊ माधव खिडकीपाशी उभा होता. जुना कंपोझिटर कुशाबा कोपऱ्यात अक्षरांच्या खिळ्यांचे खण पुसत बसला होता, आणि आतल्या दाराच्या आड, जिथे खण ठेवायच्या दुसऱ्या घोड्या होत्या तिथे, रघुवीरची विधवा बहीण तुळसा होती. बाहेरचं कोणी यायचं असलं की तिची जागा तीच.

मध्ये दगडी पाट्यावर भांडणाचं मूळ पडलेलं होतं. लोखंडी चौकटीत आठ पानं जुळवून ठेवलेली. माधवच्या 'विश्वोत्पत्तिविचार' या पुस्तकाचा शेवटचा फर्मा. आधीचे तीन फर्मे छापून झाले होते आणि त्यांचे कागद वरती दोरीवर वाळत होते.

रघुवीरने घसा साफ केला.

"सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. हा छापखाना दोन कामांवर उभा आहे. एक जोशीबुवांचं पंचांग, दुसरं पाद्र्यांची पत्रकं. माधवने पुस्तक लिहिलं. आपण म्हटलं, बरं, घरचं पोर आहे, छापू. जोशीबुवांनी परवा दोरीवरचे कागद आणि ह्या फर्म्याचं प्रूफ वाचलं. पाद्र्यांनी मसुदा मागवून वाचला. आता दोघेही म्हणतात, पुस्तकाला हरकत नाही, शेवटचं पान बदला."

"शेवटच्या पानात काय आसा?" सखुबाईने विचारलं.

"तेच ना, आत्या. काहीच नाही. ह्याने चार पक्ष मांडलेत. शास्त्रातलं ब्रह्मांड. पाद्र्यांचे सहा दिवस. मग एक फ्रेंच ज्योतिषी म्हणतो की आधी नुसतं तापलेलं धुकं होतं, ते फिरता फिरता निवलं आणि त्याचे सूर्य-ग्रह झाले. मग एक साहेब म्हणतो, धुकं कसलं, थंड दगडांचे थवेच्या थवे एकमेकांवर आपटले आणि पेटले. आणि सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या पानावर हा म्हणतो काय, तर खरं कोणालाच ठाऊक नाही. एवढंच म्हणायचं होतं तर बत्तीस पानं कशाला?"

कुशाबा खाली मान घालून हसला. माधवही हसला असता, पण त्याच्या खिशात पाद्रीसाहेबांचं शुक्रवारचं पत्र होतं. तो ज्या शाळेत शिकवत होता ती मिशनची होती, आणि पत्रात लिहिलं होतं की ज्या शिक्षकाला विश्व कोणी निर्माण केलं हे ठाऊक नाही, त्याने मुलांना काय शिकवावं हा प्रश्न आहे. घरी दोन मुली होत्या.

"तर माझी तोड अशी," रघुवीर म्हणाला. "शेवटची पानं दोन जुळवायची. पाचशे प्रतींत जोशीबुवांचं. शास्त्राची गणना तीच खरी म्हणून. पाचशे प्रतींत पाद्र्यांचं. ह्याच्या प्रती त्याच्या हातात जात नाहीत. पंचांगही राहिलं, शाळाही राहिली, पुस्तकही निघालं. बोला."

माधवला आधी लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ एवढं हलकं वाटलं की त्या हलकेपणाची त्याला पुन्हा लाज वाटली. गेली दोन वर्षं मुली झोपल्यावर तो हे पुस्तक लिहीत होता.

"चालेल," तो म्हणाला. "दादा म्हणतो तसं करू."

तेव्हा आतलं दार उघडलं आणि तुळसा बाहेर आली. हाताला शिशाचा काळा रंग, पदर खोचलेला.

"ती पानं मी जुळवणार नाही," ती म्हणाली.

"तर कुशाबा जुळवील."

"हा फर्मा मी जुळवला आहे. तो मोडायलाही मी देणार नाही."

रघुवीर चिडला तो तिच्या बोलण्याने नव्हे, आत्यासमोर बोलण्याने. "तुळसा, उद्यापासून पंचांगाची जुळणी सुरू व्हायची. घटकापळांच्या कोष्टकांना आकडे लागतात. शून्यं सगळी ह्या फर्म्यात अडकलीत. कोटी, दशकोटी, अब्ज! तू हा फर्मा धरून बसलीस तर जोशीबुवांच्या कोष्टकांत मी काय घालू, तांदूळ?"

"एका दिवसात छापून मोकळा होईल. मग हवी तितकी शून्यं घ्या."

"तुळशे," सखुबाई म्हणाली, "थोरलो भाऊस सांगता तर आयकूक होया. बापडो सगळ्यांचा पोट बघता."

तुळसा आत गेली नाही, पाट्याला पाठ लावून उभी राहिली. आणि तेवढ्यात जोशीबुवा उंबऱ्यात आले, काखेत तांबड्या रुमालात बांधलेलं पंचांगाचं हस्तलिखित आणि हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या.

जोशीबुवांविषयी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. ते ढोंगी नव्हते. ग्रहणाची वेळ ते पळापर्यंत काढत, आणि ती काढताना दोन-दोन दिवस जेवायचं विसरत. ह्या घरचं पाणी ते पीत नसत, पण ह्या घरच्या म्हाताऱ्याचा शब्द मानत. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर ते बसले आणि पाट्याशी उभ्या असलेल्या बाईकडे त्यांनी पाहिलंच नाही.

रघुवीरने लगबगीने युक्ती सांगितली. पाद्र्यांचा भाग त्याने वगळला.

"म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे पान बदलणार," जोशीबुवा म्हणाले. "उत्तम. माधवराव, राग मानू नका. तुम्ही हुशार आहात. पण मला सांगा, तुमच्या साहेबांचा तरी एकमेकांशी मेळ आहे का? उष्णतेचं गणित करणारा म्हणतो, पृथ्वीचं वय फार तर चार कोटी वर्षं. खडक फोडणारा म्हणतो, दहा कोटींच्या खाली मी येणार नाही. आधी आपसांत ठरवा म्हणावं. मग आमच्या दारी या."

"ते भांडतात हे खरं आहे," माधव म्हणाला. "पण उघड भांडतात, बुवा. एकाने हिशेब मांडला की दुसरा त्यात चूक काढतो, आणि काढू देतात."

"आमच्यात चूक काढायला जागाच नाही. तुमच्या घरी सत्यनारायण होतो ना? संकल्प सांगताना भटजी काय म्हणतात? श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे. साधं हातावर पाणी सोडायचं, तरी आम्ही विश्व सुरू झाल्यापासूनचा पत्ता सांगून सोडतो. जगात दुसऱ्या कोणाकडे आहे असं? येत्या पाडव्याला एकशे पंचाण्णव कोटी, अठ्ठावन्न लक्ष, पंच्याऐंशी हजार वर्षं पूर्ण होतील. दर वर्षी पहिल्या पानावर मी आकडा छापतो आणि दर वर्षी एक मिळवतो. एका वर्षाची चूक कोणी दाखवावी."

"एका वर्षाची नाही," तुळसा म्हणाली. "एकशे शहात्तर कोटी वर्षांची आहे."

खोलीत सगळे तिच्याकडे बघू लागले, जोशीबुवाही. ती भिंतीपाशी गेली. तिथे तारेच्या आकड्यात जुनी प्रुफं ओवून ठेवायची तात्यांची पद्धत होती. छापून झालेल्या कामाचं गिऱ्हाइकाच्या सहीचं प्रूफ वर्षभर जपायचं, म्हणजे उद्या तक्रार नको. तिने गेल्या सालच्या पंचांगाचं पहिलं पान काढलं आणि खुर्चीसमोरच्या चौरंगावर ठेवलं.

"गेल्या साली आकडा होता १९५५८८४९९९. शेवटी तीन नऊ. जुळवताना नऊचे खिळे संपले. अशा वेळी आम्ही जागा राखायला कुठलाही खिळा उलटा लावतो. कागदावर त्याचा काळा डाग उठतो. तो दिसला की समजायचं, इथे खरा खिळा यायचा आहे. तुम्ही प्रूफ तपासलंत. डागावर फुली मारलीत आणि बाजूला लिहिलंत, 'काढा'. कुशाबाकाकांनी काढला आणि ओळ आवळली."

कुशाबाच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

"राहिले नऊ आकडे," तुळसा म्हणाली. "विश्व साडेएकोणीस कोटी वर्षांचं झालं. मला कळलं तेव्हा सगळ्या प्रती बांधून गेल्या होत्या. मी गप्प राहिले. रोज वाट बघत होते की आज कोणीतरी येईल आणि विचारील. वर्ष सरत आलं. गिरगावातून, दादरच्या देवळातून, भोईवाड्यातून, कुठूनही एक माणूस आला नाही. लग्नं लागली, मुंजी झाल्या. तुम्हीही आला नाहीत."

जोशीबुवांनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. फुली त्यांचीच होती. अक्षर त्यांचंच, आणि खाली सहीही. त्यांनी बोट ठेवून आकडे मोजले, मग पुन्हा मोजले. माणूस गणिती होता. त्याला जे लागायचं ते नेमकं तिथेच लागलं.

"हे जुळवलं कोणी?" त्यांनी विचारलं.

रघुवीर घाईने म्हणाला, "कुशाबाने."

"मी," तुळसा म्हणाली. "गाठीच्या तापाच्या, प्लेगच्या, पहिल्या हिवाळ्यात तुमच्या पंचांगाचे कंपोझिटर कोकणात पळाले. तेव्हापासूनची दोन्ही पंचांगं मी जुळवली आहेत."

विधवा बाईने जुळवलेलं पंचांग गावभर देव्हाऱ्यांत ठेवलं गेलं, हा विचार बुवांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरताना सगळ्यांनी पाहिला. सुभद्रा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. आता काय मोडतं ते तिला बघायचं होतं.

जोशीबुवा तात्यांकडे वळून बोलले. आवाज चढलेला नव्हता. "तात्या, चूक माझी आहे. तुमच्याकडून बाहेर फुटणार नाही याची मला खात्री आहे. हे प्रूफ इथेच फाडू. बाईंनी जुळवलं हेही मी विसरेन. पंचांग तुमच्याकडेच राहील. मात्र पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शास्त्राचा आकडा खरा म्हणून छापला गेला पाहिजे. आता तर पाहिजेच."

रघुवीरला ही देवाने धाडलेली संधी वाटली. "झालंच तर मग," तो म्हणाला. "तुळसा, फाड तो कागद."

"फाडा," तुळसा म्हणाली. "मला तो कोणाला दाखवायचा नाही. बुवांची अब्रू मला नको आहे. पण पान तसंच राहील."

"कशासाठी?" रघुवीर आता ओरडलाच. "तुझं पुस्तक नाही, तुझं नाव नाही. ज्याने लिहिलं तो बदलायला तयार आहे. तुझं काय जातंय?"

तुळसेने माधवकडे पाहिलं. तो नजर टाळत होता.

"सांगते काय जातंय. हे मांडवीच्या वखारीतून ताप घेऊन घरी आले आणि तिसऱ्या दिवशी गेले. मी इथे आले तेव्हा ह्या खोलीत जो आला तो मला कारण सांगून गेला. भटजी म्हणाले, मागच्या जन्मीचं. पाद्रीसाहेब माधवला भेटायला आले तेही म्हणाले, देवाची योजना असते. दादा, तू म्हणालास त्यांनी वखारीत जायलाच नको होतं. आत्या, तू म्हणालीस माझा पायगुण. सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मी माधवला विचारलं, का रे असं झालं? तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, 'मला ठाऊक नाही गं.' एवढंच. तेवढ्या एका वाक्यावर मी ह्या घरात जगले. नंतर त्याने तेच विश्वाबद्दल लिहिलं, आणि मी ते एकेक खिळा करून जुळवलं. आता तो पोटासाठी सोडायला निघालाय. त्याला दोन मुली आहेत, मी समजू शकते. त्याने सोडावं. मी सोडणार नाही."

माधवने खिडकीच्या गजाला धरलं. तिला तो असं म्हणाला होता हे त्याला आठवतही नव्हतं. त्याला वाटत होतं, त्या दिवशी आपल्याला धीराचे चार शब्द सुचले नाहीत, आपण कमी पडलो.

"दादा," तो म्हणाला, "दुसरी पानं मी लिहून देणार नाही. तुझ्यासाठीही नाही आणि पाद्र्यांसाठीही नाही."

"अरे, आत्ताच चालेल म्हणालास."

"म्हणालो. चुकलो."

रघुवीरने शेवटचा आधार म्हणून आत्याकडे पाहिलं. पण सखुबाई मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होती. पायगुणाचा शब्द तिला लागला होता. ती लालबागच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात वीस वर्षं उभी राहिलेली बाई. चूक कबूल करणं तिच्या जिभेला सवयीचं नव्हतं.

"बुवानू," ती म्हणाली, "माका एक सांगा. त्या तुमच्या ब्रह्मांडाच्या आदी काय होता?"

"त्याआधी प्रलय. त्याआधी दुसरा कल्प."

"आणि त्येच्या आदी?"

"अनादि आहे ते, बाई. तिथे प्रश्न थांबतो."

"म्हणजे तुमकाय ठाऊक नाय," सखुबाई म्हणाली. "मगे पोरीन खोटा काय लिवलां?"

लिहिलं माधवने होतं, पण ते दुरुस्त करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

आता तात्या बाकावरून उठले आणि हाताने चाचपत पाट्यापाशी आले. पन्नास वर्षं त्यांनी खिळे हाताळले होते. उलटी अक्षरं त्यांची बोटं सरळ वाचत. त्यांनी विचारलं, "शेवटचं पान खंयचा?" तुळसेने त्यांचा हात धरून चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला.

ते पुटपुटत वाचू लागले. 'हे चार पक्ष मी मांडले. प्रत्येक पक्षाचे लोक विद्वान आहेत, आणि प्रत्येकास दुसऱ्याची चूक स्वच्छ दिसते. विश्व कसे झाले व केव्हा झाले, हे आज पृथ्वीवर कोणासही ठाऊक नाही. शोध चालू आहे.' एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांनी एक खिळा नखाने दाबून सारखा केला आणि पुढे गेले.

वाचून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "कुशाबा, हातोडी."

कुशाबाने हातोडी दिली. रघुवीरने सुटकेचा श्वास सोडला. चौकटीच्या पाचरी सैल केल्या की आठही पानं क्षणात विस्कटतात. म्हातारा स्वतःच्या हाताने मोडतोय, तर तुळसा काही म्हणू शकणार नाही. तुळसेलाही तेच वाटलं. तिने डोळे मिटून घेतले.

तात्यांनी पाचर चाचपली आणि तिच्यावर घाव घातला. मग दुसरीवर, मग तिसरीवर. चारी बाजूंनी फर्मा असा आवळला की कुशाबाने सवयीने त्यावर तळवा ठेवून पाहिला. एक अक्षरही हललं नाही.

"जुळणी चांगली आसा," तात्या म्हणाले. मग बुवांच्या दिशेने वळले. "बुवा, माझ्या बापाने तुमच्या वडिलांचं पंचांग छापलं. मी तुमचं छापलं. मला वाईट वाटतंय, खोटं बोलत नाही. पण मजकूर लिहिणाऱ्याने बदलायचा असतो. छापणाऱ्याने नाही. प्रूफ घेऊन जा, तुमचंच आहे."

जोशीबुवांनी प्रुफाची घडी केली, तांबड्या रुमालात हस्तलिखिताबरोबर बांधली आणि उठले. उंबऱ्यात थांबून ते तुळसेला म्हणाले, "कोष्टकांत तुमची एकही चूक नव्हती. दोन्ही वर्षं." पंचांग मात्र त्यांनी छापायला दिलं नाही.

ते गेल्यावर रघुवीर यंत्राच्या खांबाला टेकून बसला. सकाळपर्यंत त्याच्या हातात सगळं होतं. आता पंचांग गेलं होतं, उद्या पाद्र्यांची पत्रकं जातील, माधवची शाळा जाईल. सुभद्रेने त्याच्यापाशी पाण्याचा पेला ठेवला, पदर खोचला आणि ती तुळसेच्या बाजूला गेली. "वन्सं, एक बाजू मी धरते," ती म्हणाली. बारा वर्षांत तिने छापखान्यात पाऊल टाकलं नव्हतं.

दोघींनी आणि कुशाबाने मिळून फर्मा यंत्रावर चढवला. माधवने कागद लावला. तुळसेने रूळ फिरवून शाई दिली आणि दांडा धरून सगळ्या अंगाने ओढला. पहिला कागद तिने दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा रघुवीर जागचा उठला आणि काही न बोलता त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला.

उजेडाशी नेऊन त्याने तो वरपासून खालपर्यंत पाहिला. तुळसा त्याच्या हातांकडे बघत होती. त्याने कागद मधोमध फाडला.

"डावीकडे शाई उडालीय," तो म्हणाला. "असलं काम माझ्या छापखान्यातून बाहेर जाणार नाही." बाह्या सारत त्याने तिला दांड्यापासून बाजूला केलं. "रूळ घे तू. ओढतो मी."